इंदूरच्या नळाच्या पाण्यात देशी मासे: सहा फुटी टाकीत कोण, किती आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला लोकमान्य नगरात पहिल्या मजल्यावर ६ × २ × २ फुटांची टाकी बसवली आहे. परदेशी मासे नकोत, सगळे आपल्याकडचे हवेत. यादीत महाशीरची दोन पिल्लं, चार रोहू, डेनिसन बार्ब, काचमासे, एक बाम, बोटिया आणि थोडी कोळंबी आहे. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, बाकी दिवस बोरिंग. यातलं काय चालेल, किती चालेल, आणि पुढे नको झालेले मासे नदीत सोडले तर चालतील का?

आधी यादीतली खोडाखोड करून टाकू. महाशीर आणि रोहू काढा. महाशीर (टॉर टॉर) २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे, आणि नर्मदेतला चांगला वाढलेला नर किंवा मादी मीटरच्या पुढे जाते. रोहूचंही तेच. बोटभर पिल्लू दुकानात गोंडस दिसतं, पण दीड वर्षात ते तुमच्या टाकीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दोन शेपटीच्या फटकाऱ्यांत पोचेल आणि काचेवर नाक घासून घेईल. बाम म्हणून दुकानदार बहुतेक वेळा मास्टासेम्बेलस आर्मेटस देतो. तो अडीच फुटांच्या वर वाढतो आणि तोंडात मावेल ते रात्री गिळतो. त्याच्या जागी मॅक्रोग्नॅथस पँकॅलस मागा. तो वीतभरातच थांबतो. खूण अशी: आर्मेटसच्या अंगावर तपकिरी नागमोडी जाळी असते, तर पँकॅलसच्या अंगावर फिकट ठिपक्यांची रांगोळी.

आता मुद्द्याचं. ‘देशी’ हा शब्द टाकीच्या फार कामाचा नाही. डेनिसन बार्ब केरळ-कर्नाटकाच्या घाटातल्या थंड, वाहत्या, मऊ पाण्यातला. ड्वार्फ गुरामी बंगाल-आसामच्या संथ, झाडोऱ्याच्या पाण्यातला. नर्मदेतल्या टिक्टो बार्बचं पाणी तिसरंच. तिघेही भारतीय, पण एकमेकांचे शेजारी नव्हेत. टाकीत काय राहील हे तुमचा नळ ठरवतो, आणि तुमच्या नळाला मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसलेली नर्मदा येते. ते पाणी अल्कधर्मी आहे, पीएच बहुधा ८ ते ८.४ च्या घरात, जडपणा मध्यम. बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या पाषाणातून येतं आणि सहसा त्याहून जड असतं. चार-पाचशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या आणि आठवडाभर दोन्ही पाण्यांचे आकडे लिहून ठेवा. दुपटीचा फरक निघाला तर नवल नाही.

पीएच खाली आणण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असलं की आम्ल टाकल्यावर पीएच संध्याकाळी ७ दिसतो आणि सकाळी पुन्हा ८ वर येतो. माशाला ८.२ चा त्रास होत नाही, या वरखालीचा होतो. ज्या माशांना हे पाणी मुळातच सवयीचं आहे ते घेतले की ही कटकटच उरत नाही.

त्या हिशोबाने टाकी अशी भरा. मधल्या थरात पेथिया टिक्टो, २०. वरच्या थरात रॅसबोरा डॅनिकोनियस, १२. काचमासे म्हणजे पॅराम्बासिस रंगा, १२. तळाला रेतीतले लोच (लेपिडोसेफॅलिक्थिस), १०. दगडांवर गारा मुल्या, ५. आणि पँकॅलस ३. एकूण ६२ मासे, पण जाती सहाच. दुकानात उभं राहिल्यावर ‘याचे दोन, त्याचे दोन’ असा मोह होतो. त्यातून टाकीचं मत्स्यालय होतं, नदीचा तुकडा होत नाही. झुंडीचा मासा दोन-चारच्या संख्येत घेतला तर तो एकतर कोपऱ्यात दबून रंग सोडतो, नाहीतर शेजाऱ्यांचे पर कुरतडतो. वीस टिक्टो एकत्र असले की नर आपापसात दिमाख दाखवतात, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत लाली चढते, आणि दुसऱ्याच्या वाटेला कुणी जात नाही.

टिक्टोऐवजी रोझी बार्ब (पेथिया कोन्कोनियस) चालेल का, हे पुढे विचाराल म्हणून इथेच सांगतो: चालेल, पण मग काचमासे सोडा. रोझी धसमुसळा आहे. खाणं पडलं की तो काचमाशाच्या तोंडापुढचा घास उचलतो, शिवाय कोवळी पानं खातो. दोन्ही बार्ब एकत्र ठेवू नका, जवळचे नातेवाईक आहेत, संकर होऊ शकतो.

खरेदीच्या वेळी सगळ्यात जास्त घोळ बार्ब आणि काचमासे या दोन ठिकाणी होतो. तो नीट समजून घ्या.

‘देशी बार्ब’ म्हणून एका टबात तीन-चार जाती मिसळलेल्या येतात. टिक्टोला दोन काळे ठिपके असतात: एक लहान, कल्ल्याच्या किंचित मागे, दुसरा मोठा, शेपटीच्या देठाकडे. रोझीला मागचा एकच. त्याच टबात सरना बार्बची (सिस्टोमस सरना) पिल्लं असतात, चकचकीत रुपेरी. ती फूटभर वाढतात. ओळखायची सोपी जागा म्हणजे ओठ. मासा बारक्या पारदर्शक डब्यात काढून घ्या, मोबाईलचा टॉर्च मागून लावा आणि तोंडाच्या कोपऱ्याकडे पाहा. मिशांच्या दोन जोड्या दिसल्या तर सरना, मिशाच नसतील तर टिक्टोच्या कुळातला. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

काचमाशांत त्याहून वाईट फसगत होते. पॅराम्बासिस रंगाच्या लॉटमध्ये चंदा नामा येतो. लांबून दोन्ही सारखेच, आरपार दिसणारे, आतला काटा मोजता येईल असे. पण चंदा नामा दुसऱ्या माशांचे खवले खाऊन राहतो. त्याचा खालचा जबडा वरच्यापेक्षा ठळक पुढे आलेला असतो आणि बाजूने पाहिलं तर तोंड वरच्या दिशेला तिरकं उघडतं. असे एक-दोन चुकून आले तर पंधरा दिवसांत टिक्टोंच्या कुशीवर खवले उडाल्याच्या फिकट खुणा दिसू लागतात. लोक रोग समजून औषधं टाकत बसतात आणि खवले जातच राहतात. पाठीवर गुलाबी-हिरव्या झगझगीत रेघा असलेले काचमासे मात्र अजिबात नको. तो रंग सुईने टोचलेला असतो, काही महिन्यांत जातो, आणि बरेचसे मासे त्याच्या आधी जातात. काचमाशाला मीठ लागतं ही समजूतही सोडून द्या. नर्मदेचं पाणी त्याला भरपूर जड आहे.

बोटिया (दारिओ किंवा लोहाचाटा) हवेतच असतील तर सहा घ्या आणि रेतीतले लोच सहावर आणा. ते गंगा-ब्रह्मपुत्रेकडचे, पण जड पाण्याशी जुळवून घेतात. डोळ्याखाली दुमडणारा काटा असतो, तो जाळीत अडकतो, म्हणून त्यांना जाळीने नाही, डब्याने उचला. डेनिसनचा नाद इंदूरच्या मे महिन्यासाठी सोडावा असं माझं मत. ती जात निसर्गात धोक्यात आहे, आणि ३२ अंशांच्या पाण्यात ती सुखी राहत नाही. कोळंबी ठेवायची तर छोटी जात, भरपूर झाडोऱ्यात, आणि पँकॅलस काही खातील हे धरूनच. लांब नांग्यांची मॅक्रोब्रॅकियम झोपलेला मासा पकडते. टेंगरा (मिस्टस), मरळ, सुईमासा ही स्वतंत्र टाकीची मंडळी आहेत. काच चाटायला म्हणून सकरमाउथ घेऊ नका. तो दक्षिण अमेरिकेतला, फूट-दीड फूट वाढणारा. ते काम गारा आणि गोगलगायी करतात.

आता वजन. बाहेरून मोजलं तर टाकी ६८० लिटरची, पण १२ मिमी काच, पाच सेंटिमीटर रेती, दगड आणि वरची मोकळी जागा धरली की प्रत्यक्ष पाणी ५३० लिटरच्या आसपास उरतं. औषधं आणि मात्रा याच आकड्यावर काढा. काच सव्वाशे किलो, रेती ८५, दगड आणि स्टँड मिळून शंभराच्या वर, म्हणजे सगळं मिळून साडेआठशे किलोच्या आसपास. घराची फरशी साधारण दर चौरस मीटरला २०० किलोचा वापरभार धरून आखलेली असते. तुमचा भार एका चौरस मीटरपेक्षा किंचित जास्त जागेत एकवटतो. टाकी भिंतीला लागून आणि खाली बीम असेल त्या बाजूला हवी, खोलीच्या मधोमध नको. स्लॅबबद्दल शंका असेल तर पाणी भरण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

रेती बांधकामाची नर्मदेची चालते. दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळून बारीक घ्या. लोच रेती तोंडात भरतो आणि कल्ल्यांतून दोन धारांनी सोडतो. जाड, टोकदार खडीत त्याच्या मिशा झिजतात आणि तिथूनच जंतुसंसर्ग सुरू होतो. धुणं मात्र कंटाळवाणं आहे: अर्धी बादली रेती, वरून पाइप, हाताने ढवळा, गढूळ पाणी ओता, आणि बादलीच्या तळाचे कण मोजता येईपर्यंत तेच. नर्मदेचे गोल गोटे एका बाजूला रचून त्यावर पंपाचा प्रवाह सोडा. गारा तिथेच ठाण मांडतील. दुसरी बाजू संथ ठेवून तिथे व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला लावा. दोन्ही वनस्पती जड पाण्यातलं बायकार्बोनेट वापरू शकतात, म्हणून वेगळ्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची गरज नाही. तळ्यातून आणलेली झाडं पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात (लिटरला १० मिग्रॅ) दहा मिनिटं बुडवून, धुऊन मगच आत. नाहीतर चतुराच्या अळ्या आणि जळवा बरोबर येतात.

सहा फुटी टाकीला ताशी ३,००० लिटरचा पंप हवा. खाली संप (टाकीखालची फिल्टरची छोटी टाकी) असेल तर एक हिशोब आधीच करून ठेवा. तुमच्या टाकीत एक सेंटिमीटर उंचीला साडेदहा लिटर पाणी बसतं. लाइट गेली की परतीच्या पाइपमधून पाणी उलटं खाली ओढलं जातं. पाइपचं तोंड पाण्याखाली चार सेंटिमीटर असेल तर ४२ लिटर खाली उतरतील, शिवाय ओव्हरफ्लोचं वेगळं. संपमध्ये तेवढी जागा रिकामी नसली तर दिवाणखान्यात तळं. पाइपला पृष्ठभागाच्या जरा खाली ६ मिमीचं भोक पाडा म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. ते भोक शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला टूथपिक घाला. आणि बसवल्या दिवशी मुद्दाम स्विच बंद करून पाहा.

पुढचं जरा सावकाश वाचा, कारण देशी माशांच्या बहुतेक टाक्या इथेच बसतात. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक जवळपास निरुपद्रवी आणि एक विषारी, आणि त्यांचं प्रमाण पीएच ठरवतो. २८ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी असतो. ८.२ ला तो साधारण दहा टक्के होतो. म्हणजे मऊ पाण्याच्या शहरातला जो माणूस ‘माझ्याकडे तर दुसऱ्या दिवशी मासे सोडले, काही झालं नाही’ म्हणतो, त्याचा अनुभव इंदूरला लागू नाही. तीच चाचणी, तोच आकडा, आणि तुमच्याकडे विष दहा पटींहून जास्त.

म्हणून आधी रिकाम्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायचे. क्लोरीन काढलेलं पाणी, फिल्टर चालू, आणि सव्वातीन ग्रॅम अमोनियम क्लोराइड. ५३० लिटरमध्ये त्याने अमोनिया लिटरला २ मिग्रॅ होतो. हा म्हणजे नवसागरच, पण कल्हईचा बाजारातला घेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. आधी अमोनिया उतरतो, नंतर त्यापासून बनलेला, तोही विषारी असा नायट्राइट चढतो आणि बरेच दिवस अडून बसतो. याच टप्प्यावर धीर सुटतो. सव्वातीन ग्रॅमचा डोस टाकल्यापासून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला लागले की टाकी तयार. चार ते सहा आठवडे धरा. एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर निम्म्यात होतं.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूही मारतं आणि कल्लेही जाळतं. १०० ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण करा. दर १०० लिटर नळाच्या पाण्याला १० मिली. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की क्लोरीनचा हात सैल होऊ शकतो. त्या दिवसांत वास तीव्र आला तर मात्रा दीडपट करा. बोरिंगला हे लागत नाही, पण ते भांड्यात काढून, हवा खेळती ठेवून मगच वापरा.

आठवड्याला १३० लिटर पाणी बदला. नळ एक दिवसाआड असल्याने दोनशे लिटरचा झाकणाचा ड्रम लागेल. एका आठवड्यात नर्मदा, दुसऱ्यात नुसतं बोरिंग असं करू नका. जे प्रमाण ठरवाल, समजा नर्मदा तीन भाग आणि बोरिंग एक भाग, ते उन्हाळ्यातही पाळा. उन्हाळ्यात टँकर आला तर मीटर बुडवल्याशिवाय एक बादलीही टाकीत नाही.

मासे सोडण्याचा क्रम: आधी टिक्टो सगळे. दोन-तीन आठवड्यांनी रॅसबोरा. मग लोच आणि गारा, कारण तोपर्यंत काचेवर आणि गोट्यांवर शेवाळाचा पातळ थर बसलेला असतो आणि गारा त्याच्याशिवाय पहिल्या महिन्यात खंगतात. नंतर काचमासे, शेवटी पँकॅलस. प्रत्येक लॉट आधी ६०-८० लिटरच्या वेगळ्या टबमध्ये तीन आठवडे. देशी मासे बरेचदा नदी-नाल्यांतून पकडलेले असतात आणि कोलकात्याकडून येतात. त्यांच्या पोटात जंत आणि अंगावर अँकरवर्म (कातडीत रुतणारे परजीवी) असतात. मासा खातोय पण पाठ सुरीसारखी होतेय, तर जंत समजा. लोचना खवले जवळपास नसल्यासारखेच, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचं औषध त्यांना अर्ध्या मात्रेपासून सुरू करा.

दुकानातून पिशवी घरी अर्ध्या तासात आणली तर तरंगवून पंधरा मिनिटं पुरे. पण लांबचा प्रवास करून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी टाकत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, म्हणून साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. उघडल्यावर वायू उडतो, त्यात तुमचं ८.२ चं पाणी मिसळतं, आणि तो अमोनिया त्याच पिशवीत विषारी होतो. तापमान जुळवा, पिशवी उघडा, मासे लगेच टबात, पिशवीचं पाणी मोरीत.

खाणं: एक मिलिमीटरचे बुडणारे दाणे, आठवड्यातून तीनदा गोठवलेले ब्लडवर्म, गारांसाठी उकडलेला पालक किंवा काकडीची चकती. काचमासे पहिले काही आठवडे फक्त हलतं अन्न खातात, त्यांना आर्टेमियाची पिल्लं किंवा डाफ्निया द्या. डासांच्या अळ्या गच्चीवर उघड्या बादलीत वाढवू नका, घरात डेंग्यू येईल. पँकॅलसना दिवा विझवल्यावर वेगळं, नाहीतर ते उपाशी राहतात.

हिवाळ्यात हीटर न लावता पाणी १८ वर आलं तरी या यादीतल्या माशांना चालतं, फक्त खाणं निम्म्यावर आणा. बोटिया असतील तर हीटर २२ ला लावा. अवघड असतो तो मे. ३२ अंशांना पाण्यात लिटरला जेमतेम ७ मिग्रॅ ऑक्सिजन मावतो, २० अंशांना ९ मावायचा. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने त्यातूनही थोडा जातो. रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात, म्हणून पहाट वाईट. गारा पाण्याच्या वरच्या कडेला काचेला चिकटलेले दिसले तर तीच पहिली सूचना समजा. एक बॅटरीचा एअर पंप कायम जोडलेला असू द्या, लाइट गेली की आपोआप सुरू होणारा. झाकणाच्या काचेत एक फट जाळी लावून ठेवा, आणि वायरीच्या छिद्रांना स्पंज. पँकॅलस अंगठ्याएवढ्या भोकातून बाहेर येतो आणि सकाळी सोफ्याखाली सापडतो.

स्वतः जाऊन मासे पकडायचा विचार असेल तर १६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते, तो विणीचा काळ. कासव मिळालं तरी घरी आणू नका, आपली गोड्या पाण्यातली कासवं वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत.

राहिला शेवटचा प्रश्न. नदीत सोडू नका, आणि सिरपूर किंवा यशवंत सागरातही नको. दोन्ही तळी २०२२ पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आहेत. तुमचा टिक्टो दिसायला नर्मदेचा असला तरी तो बंगालमधून, दुसऱ्या नाल्यांच्या माशांबरोबर एकाच टबात राहून आलेला आहे. त्याच्या कल्ल्यातले परजीवी आणि त्याचं वाण दोन्ही इथलं नव्हे. जास्त झालेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या किंवा दुकानात परत करा. हायड्रिलाच्या छाटणीचंही तेच: उन्हात वाळवून कुंडीत, नाल्यात नाही.